घरच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या टेबलासाठी सहा लाकडी खुर्च्या बनवायच्या आहेत. आतापर्यंत टेबल आणि स्टूल केलेत. सांधे स्क्रूने केले तर चालतील का? सुरुवात कुठून करू?

स्क्रूचं आधी सांगतो. टेबलाला ते खपून जातात, खुर्चीला नाही. खुर्चीत माणूस मागे रेलतो, पोरं तर पुढचे पाय उचलून झुलतात. तेव्हा जवळजवळ सगळा जोर बैठकीखालच्या बाजूच्या पट्ट्या मागच्या पायांना मिळतात त्या दोन सांध्यांवर येतो. तिथे स्क्रू पट्टीच्या टोकातून, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच आत शिरलेला असतो. त्या दिशेला त्याची पकड मुळात कमी, त्यात रोजचे हेलकावे. भोक सैल व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून तिथे खाच आणि कूसच करा, म्हणजे पायात खाच आणि पट्टीच्या टोकाला तिच्यात बसणारी जीभ. पट्टी 22 मिमी जाड असेल तर कूस 7-8 मिमी जाड आणि 25-30 मिमी लांब ठेवा. जाडीपेक्षाही पट्टीची उंची महत्त्वाची, ती 65-70 मिमीच्या खाली नेऊ नका. नाजूक दिसावं म्हणून लोक नेमकी तीच कमी करतात. कूस हाताच्या दाबाने आत जायला हवी. हातोडा घ्यावा लागला तर पटाशीने किंचित तासा. उलटी धरल्यावर पट्टी आपोआप निसटत असेल तर सांधा सैल आहे, आणि साधा पांढरा गोंद मोकळी जागा भरून ताकद देत नाही.

सुरुवात स्वस्त लाकडाच्या एका कच्च्या खुर्चीपासून करा. तिच्यात स्क्रू मारले तरी हरकत नाही, ती फक्त बसून बघायला आहे. टेबल 75 सेंमी उंच असेल तर बैठक 45 उंच, तिची पुढून मागे खोली 40-42, पाठ दहा अंशांच्या आसपास कललेली, आणि बैठकीची मागची कड पुढचीपेक्षा एक-दीड सेंमी खाली. घरातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या माणसाला त्यावर अख्खं जेवण करायला लावा. दोन मिनिटं बसून सगळेच "छान आहे" म्हणतात.

बैठक पुढे रुंद, मागे अरुंद हवी का, हे याच वेळी ठरवा. पुढे 46, मागे 40 आणि खोली 42 धरली तर बाजूची पट्टी साधारण चार अंश तिरकी येते. अशा वेळी पायातली खाच काटकोनातच ठेवा आणि तो कोन कुसाला आणि तिच्या खांद्यांना, म्हणजे पायाला टेकणाऱ्या कडांना, द्या. हे जड वाटत असेल तर पहिल्या सेटला बैठक सरळ आयताकृती ठेवा. दिसायला थोडी ठोकळेबाज, पण सगळे सांधे गुण्यात, म्हणजे काटकोनात, येतात.

खरं लाकूड कापताना एकेक खुर्ची पूर्ण करत बसू नका. मागच्या पायाचा साचा पातळ प्लायचा कापा, बाराही पाय त्यावरून आखा, आणि मशीनचं एक माप लावलं की त्या मापाचे सगळे तुकडे तेव्हाच उरका. मोजपट्टी पुन्हा पुन्हा लावली की प्रत्येक खुर्ची थोडी वेगळी होते. एक-दोन पाय जास्तीचे कापून ठेवा. साचा फळीवर मांडताना रेषा पायाच्या लांबीने धावतायत ना, ते बघा. वाकाच्या जागी त्या आडव्या तुटल्या तर पाय तिथेच मोडेल, सांधा कितीही चांगला असो.

जोडणी दोन टप्प्यांत. आधी पुढची आणि मागची चौकट वेगवेगळी चिकटवा, दुसऱ्या दिवशी बाजूच्या पट्ट्या घाला. गोंद लावण्याआधी सगळं कोरडं जोडून बघायचंच. क्लॅम्प आवळल्यावर बैठकीचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे नसतील तर क्लॅम्प जरा तिरका सरकवा. आतल्या कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे बसवा. तिथे मात्र स्क्रू खुशाल मारा.

शेवटी खुर्ची डगमगली तर एकेक पाय अंदाजाने कापू नका. सपाट फळीवर ठेवून पायांखाली पातळ पाचर सरकवा, ती स्थिर झाली की एका ठोकळ्यावर पेन्सिल धरून चारही पायांभोवती एकाच उंचीवर रेघ मारा आणि तिथे कापा.