तांबी नको, गोळ्या नकोत, ऑपरेशन मात्र हवं: असं का?

तुम्ही विचारलंय की उपकेंद्रात मूल लांबवायची साधनं, म्हणजे तांबी (पिशवीत बसवायची कॉपर-टी), गोळ्या, इंजेक्शन सगळं फुकट मिळतं, तरी गावातल्या बायका ते टाळतात आणि दोन-तीन मुलं झाली की थेट नसबंदीचं ऑपरेशन करून घेतात. हे अज्ञानामुळे का? मी मराठवाड्यातल्या खेड्यांत नर्स म्हणून नोकरी केली. अज्ञान हे कारण मला फार थोडं दिसलं. पाळणा कधी लांबवायचा आणि कधी थांबवायचा, हा हिशेब बहुतेकींच्या डोक्यात पक्का असतो. पण साधनाचा त्रास झाला तर आपल्या बाजूनं कोण बोलणार, हे त्यांना माहीत नसतं, आणि तिथंच गाडी अडते.

तांबीचंच बघा. पहिले दोन-तीन महिने पाळीत अंगावरून जास्त जातं, ओटीपोट दुखतं. आपण त्याला किरकोळ त्रास म्हणतो. कापूस वेचायला सकाळीच टेम्पोत बसून जाणाऱ्या बाईला तो किरकोळ नसतो. रानात आडोसा नाही, कपडा बदलायला जागा नाही, घरी बसलं तर त्या दिवसाची मजुरी गेली. त्यात अंगात रक्त आधीच कमी. शिवाय संध्याकाळी घरात ऐकायचं, "कुणी सांगितलं होतं बसवायला?" अशी बाई महिन्याभरात तांबी काढून मागते. तिला आधी नीट तपासा, दुखण्यावर गोळी द्या, समजावून सांगा. तरी ती काढाच म्हणाली, तर त्याच दिवशी काढून द्या. "सवय होईल" म्हणून परत पाठवलेली एक बाई अख्ख्या आळीला तांबीपासून तोडते, हे मी पाहिलंय. मागितल्याबरोबर काढून दिलेल्या बायका मात्र पुढच्या खेपेला स्वतःहून दुसरं साधन विचारायला येतात.

"तांबी काळजापर्यंत चढते" ही भीतीही हसण्यावारी नेऊ नका. गर्भपिशवीचं चित्र काढून दाखवा, तिथून काळजाकडे वाट नाही हे सांगा. आणि क्वचित कधी पिशवीला छिद्र पडून तांबी पोटात सरकू शकते, हेही लपवू नका. खरं सांगणाऱ्या सिस्टरवर बायका विश्वास ठेवतात.

आता ऑपरेशन. ते एकदाच होतं, सगळ्यांच्या संमतीनं होतं, आणि त्यानंतर काही दिवस तरी कुणी जड उचलायला सांगत नाही. सासू स्वतः सोबत येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण होतं फक्त ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं, सोपं, त्याच दिवशी घरी जाता येतं. तरीही बायकाच आधी नको म्हणतात. "मालकांना कष्टाची कामं असतात" हे कारण सगळ्या सांगतात. दुसरं कारण त्या फार उशिरा, दार लोटून घेतल्यावर सांगतात: "त्यांचं ऑपरेशन झालं आणि मला दिवस गेले, तर बोट कुणाकडे जाईल?" ही भीती अगदी रास्त आहे. नसबंदीनंतर निदान तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि मग वीर्यतपासणी करायची असते. हे नवऱ्याला बायकोच्या समोर बसवून सांगा. क्वचित ऑपरेशन फसतं, हेही त्याच बैठकीत सांगा, म्हणजे उद्या तिच्यावर संशय येणार नाही.

गोळ्यांची अडचण सरळ आहे, पाकीट लपवायला घरात जागा नसते. छाया ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, म्हणून काहींना ती जमते.

अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून आलं. तीन महिन्यांतून एकदा, घरात काही ठेवायचं नाही. बायका बाजाराच्या दिवशी येतात, कारण त्या दिवशी कुठं चाललीस असं कुणी विचारत नाही. डोसच्या तारखांचं कार्ड आशाताईकडेच ठेवायला सांगतात. पण या इंजेक्शननं पाळी पुढे-मागे होते, कधी थांबतेच. ज्या घरात अजून बाहेर बसण्याची पद्धत आहे, तिथं सुनेच्या पाळीचा हिशेब सासूकडे असतो. महिना चुकला की चौकशी सुरू होते, आणि लपवून घेतलेलं इंजेक्शन उघड्यावर येतं. म्हणून पहिला डोस देण्याआधीच विचारा: "पाळी आली नाही तर घरात कुणाला कळेल?" तिनं काय सांगायचं ते दोघींनी मिळून ठरवा. पाळी थांबली म्हणजे रक्त आत साठत नाही, हेही तेव्हाच सांगा. बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, हे ऐकल्याशिवाय कोणालाही डोस देऊ नका.

नवऱ्याच्या सहीचं म्हणाल, तर बाईच्या नसबंदीला सरकारी नियमांत ती सक्तीची नाही. गर्भपातासाठीही अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते. तरी दवाखान्यांत सही मागतात आणि बाई आल्या पावली परत जाते. तुमच्यासमोर असं झालं तर तिथल्या तिथे बोला.

तुमच्या भागात ऊसतोड कामगार असतील, तर दिवाळीच्या आसपास गावं रिकामी होतील आणि अंतराचा पुढचा डोस कारखान्याच्या फडावर असताना येईल. निघण्याआधी प्रत्येकीची तारीख बघा. डोस दोन आठवडे आधी देता येतो आणि चार आठवडे उशीर झाला तरी चालतो. कार्ड या वेळी आशाताईकडे न ठेवता त्या बाईच्याच हातात द्या, आणि ती जिथं चालली आहे तिथला जवळचा सरकारी दवाखाना कोणता ते कार्डामागे लिहून द्या.