शेवटचे तीन दिवस झाकणाला हात नको

घरच्या पाखरांबद्दल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो, गच्चीवर पत्र्याची खोली आहे. मुलांच्या हट्टाने बटेरची अंडी उबवायला घेतली. तयार इन्क्युबेटर आणला. पहिल्या खेपेला २४ अंड्यांतून ९ पिल्लं निघाली, दुसऱ्या खेपेला ७. वाईट याचं वाटतं, की बऱ्याच अंड्यांना टोच पडली होती, आतून चिवचिव येत होती, पण पिल्लू बाहेर आलंच नाही. धाकटा आठ वर्षांचा आहे, दोन दिवस धड जेवला नाही. दोष अंड्यांचा की यंत्राचा? – एक वाचक, सिडको

उत्तर : भाऊ, पिल्लू टोच मारण्यापर्यंत वाढलं म्हणजे अंडं फलित होतं आणि पहिले पंधरा दिवस तुमची ऊबही बऱ्यापैकी बरोबर होती. बिनसलं ते शेवटी. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, तरी विचारते : टोच पडल्यावर घरातल्या सगळ्यांनी किती वेळा झाकण उघडलं?

हे विचारते, कारण माझ्याच घरात हे झालंय. म्हसरूळला आमच्या मागच्या पडवीत अंडी उबवायची पेटी होती. सतरावा दिवस. एका पिल्लाने कवच गोल कापत आणलं होतं आणि मग ते थांबलं. माझी नात तेव्हा सहा वर्षांची. काचेला नाक लावून बसलेली. म्हणाली, ‘आजी, ते दमलंय गं, काढ ना त्याला.’ मला राहवलं नाही. झाकण उघडलं, अंडं तळहातावर घेतलं आणि नखाने कवचाचा कपचा उचलला. आत पांढरा पापुद्रा, त्यावर केसाएवढ्या लाल शिरा. कपच्याबरोबर पापुद्रा फाटला आणि रक्ताचा थेंब आला. ते पिल्लू तासाभरात गेलं. आणि शेजारची चार अंडी, ज्यांना नुसती टोच पडली होती, ती रात्री शांत झाली. दुसऱ्या दिवशी फोडून पाहिली तर पापुद्रा पतंगाच्या कागदासारखा वाळून अंगाला चिकटलेला, चोच होती तिथेच अडकलेली. एकाचा जीव वाचवायला गेले आणि पाच गेली.

झाकण उघडलं की आतली दमट हवा क्षणात निघून जाते. ओला पापुद्रा वाळला की पिल्लाला आत फिरता येत नाही, आणि फिरल्याशिवाय कवच गोल कापलं जात नाही. टोच पडल्यावर पिल्लू तासन् तास थांबतं ते दमलं म्हणून नव्हे. त्या वेळात ते पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. आपण घाई केली तर ते काम अर्धं राहतं. त्या बलकावर निघालेलं पिल्लू एक दिवस सहज काढतं, म्हणून निघाल्या निघाल्या दाणापाण्याची घाई नको. अंग सुकून फुलेपर्यंत ते पेटीतच राहू द्या.

आता पुढच्या खेपेसाठी. पंखा असलेल्या पेटीत तापमान ३७.५ अंश. अंडी ठेवली तो दिवस शून्य धरा. पहिले १४ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवायची. चौदाव्या दिवशी फिरवणं बंद, तळाला जाळीदार रबरी मॅट, पाण्याचे सगळे कप्पे भरून आर्द्रता ६५ ते ७० टक्के, आणि झाकण बंद. पिल्लं सतराव्या-अठराव्या दिवशी निघतात. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी, तेव्हा पाण्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. श्रावणात उलट. पहिल्या पंधरवड्यात मी कप्पा जवळजवळ कोरडाच ठेवते, कारण अंड्यातलं थोडं पाणी उडालंच पाहिजे.

पण तुमचा आर्द्रता मोजायचा काटा खरं दाखवतो का, हे आधी बघा. बाजारातले स्वस्त काटे दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतात. एका वाटीत मीठ घ्या, चिखलाएवढं ओलं करा, विरघळवू नका. वाटी आणि काटा एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ६५ दिसले तर तुमचा काटा दहाने कमी सांगतो, हे पेटीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. माझ्या पेटीवर अजून ती पट्टी आहे.

वीज गेली तर पेटीवर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा, आणि तेव्हाही उघडू नका. तास-दोन तासांनी अंडी मरत नाहीत.

आणि धाकट्याला काम द्या. हात लावू नको एवढंच म्हटलं तर मूल लावणारच. आमच्या नातीकडे आता वही आहे. तापमान, आर्द्रता, पहिली टोच किती वाजता, पहिलं पिल्लू किती वाजता. काचेतून बघून लिहायचं. ती आता मोठ्यांनाही झाकणापाशी येऊ देत नाही.

प्रश्न : पिल्लं निघाली छान, पण चार दिवसांत तीन पाण्यात बुडाली आणि दोघांचे पाय फाकले. खाली रोज स्वच्छ वर्तमानपत्र घालते. – एक गृहिणी, नाशिकरोड

उत्तर : ताई, ते वर्तमानपत्रच काढा. सात-आठ ग्रॅमचं पिल्लू, गुळगुळीत कागदावर त्याचे पाय दोन दिशांना सरकतात आणि तसेच राहतात. पहिला आठवडा जुना खरखरीत टॉवेल घाला. फाकलेल्या पायांना लवकर, पहिल्या-दुसऱ्या दिवशीच, मऊ चिकटपट्टीने थोडं अंतर ठेवून जोडलं तर बरीच सुधारतात. पाणी बरणीच्या उथळ झाकणात, आणि त्यात गोट्या भरून. चोच जाईल, पिल्लू जाणार नाही.

ऊब पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. त्यासाठी जुना पिवळा बल्बच हवा, एलईडी तापत नाही. द्राक्षाची पुठ्ठ्याची पेटी एका खेपेला पुरते. एका टोकाला बल्ब, दुसरं टोक गार. सगळी बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोची उघडल्या तर तापलीयत. जानेवारीतल्या आपल्या रात्रींत पेटीभोवती पोतं गुंडाळा. खाद्य जास्त प्रथिनांचं लागतं, २४ टक्क्यांच्या पुढे, आणि दाणा मिक्सरमधून बारीक करून.

प्रश्न : दिंडोरीकडे आमच्या शेतात लाव्हे खूप दिसतात. त्यांचीच अंडी उचलून उबवली तर? – एक शेतकरी वाचक

उत्तर : नको. रानातल्या लाव्ह्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पाखरू धरणं आणि अंडी उचलणं दोन्ही गुन्हा. घरी पाळायचे ते जपानी लाव्हे, म्हणजे वर म्हटलेले बटेर, फार्मवरून घेतलेले. तुमच्या बांधावरची घरटी नांगरातून वाचवलीत तर मला फार आनंद होईल.

प्रश्न : खुडूक कोंबडीखाली बटेरची अंडी ठेवता येतात का? आणि नरांचं काय करायचं? – एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : ठेवता येतात, पण कोंबडी हलक्या अंगाची हवी. जड कोंबडीखाली ही दहा-बारा ग्रॅमची अंडी फुटतात. जपानी लाव्ही स्वतः क्वचितच खुडूक होते, माणसाकडे वाढता वाढता तिची ती सवय सुटली.

नरांचा प्रश्न अंडी ठेवण्याआधी घरात सगळ्यांनी बसून सोडवा. निम्मी पिल्लं नर निघणार हे धरूनच चाला. चौथ्या आठवड्यात नराची छाती तांबूस होते, मादीची फिकी आणि ठिपकेदार राहते. तीन माद्यांना एक नर पुरे. जास्त ठेवलेत तर माद्यांच्या डोक्यावरची पिसं उपटून जखमा करतात. आमच्या घरात मांसाहार चालतो, तरी ज्या पाखराला नातीने नाव ठेवलं ते कापलं जात नाही, असं आम्ही ठरवून टाकलं आहे. जास्तीचे नर मी पाचव्या आठवड्यात ओळखीच्या पाळणाऱ्यांना देते. पिंजऱ्याला एकच सांगणं : छत एक तर वीतभर उंच, नाहीतर माणसाएवढं उंच. दचकलेला लाव्हा सरळ वर उडतो, आणि मधल्या उंचीवर जोर घेऊन डोकं फोडून घेतो. मी जाळीखाली जुनी साडी ताणून बांधली आहे.