कपाटातला रिपोर्ट

मावशी,

मी ३२ वर्षांची. लग्नाला सहा वर्षं झाली, कराडजवळ गावात राहते, ह्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मूल नाही. माझा नळ्यांचा एक्स-रे झाला, दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, सहा महिने गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणतात, तुमच्यात काही दिसत नाही. सासूबाईंच्या संकष्ट्या आणि टोमणे दोन्ही चालू आहेत. मागच्या महिन्यात दुकानाचे कागद शोधताना कपाटात ह्यांचा तपासणीचा रिपोर्ट सापडला. शुक्राणूंच्या काउंटसमोर 'निल' लिहिलंय. तारीख माझ्या ऑपरेशनच्या तीन महिने आधीची! मी ह्यांना अजून काही बोलले नाही. आता हे म्हणतात, पुण्यात टेस्ट ट्यूब करून घेऊ, १ लाख ८० हजारांचं पॅकेज आहे, तू फक्त सह्या कर. माझं गंठण मोडायचं ठरलंय. मला वाटतं, दुसऱ्या कुणाचं तरी वापरणार असतील. मला काहीच माहीत नाही असं दाखवलं तर ह्यांची इज्जत राहील आणि मांडीवर मूलही येईल. तसंच करू का?

– एक वाचक

नको करूस.

तुझं पत्र वाचलं आणि उठून उगाच स्वयंपाकघरातली घासलेली भांडी परत घासत बसले. भूल देऊन तुझ्या पोटाला छिद्रं पाडली, आणि आधी कुठे बघायला हवं हे ज्याला ठाऊक होतं तो माणूस ऑपरेशन थिएटरबाहेर बाकड्यावर बसून होता. मी याला भित्रेपणा म्हणेन. तू याहून तिखट शब्द वापरलास तरी माझी हरकत नाही.

माझ्या एका चुलत वहिनीचं आयुष्य असंच गेलं. ओटी भरायच्या वेळी तिला मागे उभं करायचे. दादाची तपासणी कधी झालीच नाही. 'आमच्या घराण्यात असलं काही नाही' एवढा एकच रिपोर्ट. त्या काळी उपायही फारसा नव्हता म्हणा. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली तेव्हा पेपरांत केवढं कौतुक झालं, पण ज्याच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. एकच शुक्राणू बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडायची इक्सी ही पद्धत नंतर आली. तिचं पहिलं मूल १९९२ मध्ये ब्रसेल्सला जन्मलं. मग अंडकोषातून काढलेला एखादा शुक्राणूही पुरू लागला आणि 'निल'चा अर्थ बदलला. तुझ्या नवऱ्याला बहुधा हे कुणी सांगितलेलंच नाही. त्याने तो कागद घडी घालून कपाटात ठेवला आणि विषय संपवला.

म्हणून आधी त्या कागदाबद्दल बोलू. एका तपासणीवरून शून्य धरत नाहीत. काही आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यायचा, आधी दोन ते सात दिवस संबंध टाळून. आणि लॅबने तो यंत्रात फिरवून खाली बसलेला साका तपासायचा, कारण कधीकधी तिथे चारदोन सापडतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे मधल्या काळात जोराचा ताप येऊन गेला असेल तरी आकडे कोसळतात. पहिला रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा असला तर तो आता फक्त सुरुवात म्हणून कामाचा.

दुसराही शून्यच आला तर प्रश्न एवढाच उरतो: माल तयार होतोय पण रस्ता बंद आहे, की कारखानाच मंद आहे? दुकानदाराला ही भाषा लगेच कळेल. मूत्रविकार तज्ज्ञ, त्यातही पुरुषांच्या वंध्यत्वाचं काम करणारे, हाताने तपासतात आणि रक्तातले हार्मोन बघतात. एफएसएच (अंडकोषांना कामाला लावणारं हार्मोन) ठीक आणि अंडकोषांचा आकारही ठीक, तर अडथळ्याची शक्यता जास्त. लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं का, वयात आल्यावर गालगुंड झाले होते का, अंडकोष उशिरा खाली उतरले का, हे सासूबाईंनाच माहीत असेल. जिममध्ये कुणी 'ताकदीचं' इंजेक्शन देत असेल तर तेही विचार. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं उत्पादन थांबवतं, आणि असे पुरुष इंजेक्शनं बंद केल्यावर अनेकदा पूर्ववत होतात.

अडथळा असेल तर सुईने अंडकोषातून किंवा त्याच्या मागच्या नळीतून शुक्राणू बहुतेक वेळा मिळतात. उत्पादनच कमी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोष उघडून शोधतात. त्यात साधारण निम्म्या जणांत सापडतात. त्याआधी गुणसूत्रांची तपासणी करायला सांगतील, ती टाळू नका. काही दोष असे असतात की शोधून उपयोग नसतो, आणि काही मुलग्यात उतरतात. शुक्राणू मिळाले तर इक्सी. तुझी आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब, तेव्हा अर्थपूर्ण. आत्ता जे पॅकेज तुझ्यापुढे ठेवलंय ते बियाणं नसताना वाफे करण्यासारखं आहे, किंवा तुला शंका आहे तसं बियाणं दुसरीकडून येणार आहे.

तसं असेल तर 'तू फक्त सह्या कर' हे कायद्यातच बसत नाही. टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे दोघांचीही लेखी संमती लागते, समजून घेऊन दिलेली, आणि क्लिनिकला समुपदेशनही द्यावं लागतं. दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच येतं, दात्याची ओळख सांगत नाहीत, आणि एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला देता येतं. (घरात उद्या कुणी 'दिराचं घेऊ' म्हणालं तर ते तिथेच थांबव.) जन्मलेलं मूल कायद्याने तुम्हा दोघांचंच, दात्याचा त्यावर कसलाही हक्क नाही. म्हणजे हा मार्ग चांगला आहे, राजरोस आहे. आणि एक गोष्ट तुला त्या सेंटरमध्ये कुणी आपणहून सांगेल की नाही शंका आहे: तुझ्या नळ्या मोकळ्या आहेत, बीजं तयार होतात, तर दात्याचं वीर्य वापरून आधी आययूआय करून बघता येतं. त्यात वीर्य धुऊन पातळ नळीने गर्भाशयात सोडतात, पाच-दहा मिनिटांचं काम, आणि खर्च टेस्ट ट्यूबच्या पासंगालाही पुरत नाही. गंठण मोडायच्या आधी हे विचारायलाच हवं.

दत्तकाचा विचार कुणाच्या मनात असेल तर कारा या सरकारी दत्तक संस्थेच्या संकेतस्थळावर दोघांच्या नावाने नोंदणी आजही करता येते. रांग मोठी असते, उपचार चालू असताना नाव घालून ठेवायला काय हरकत आहे?

आता इज्जतीचं. तू गप्प राहिलीस तर त्या घरात तीन माणसं एकमेकांपासून लपवत जगतील आणि चौथं त्यात जन्म घेईल. नवऱ्याला वाटेल तुला माहीत नाही, तुला माहीत असेल की त्याला माहीत आहे. मूल कुणासारखं दिसतं यावर पाहुण्यांनी कौतुक केलं की तुम्ही दोघं एकाच वेळी मान खाली घालाल. महाभारतात पंडूनेसुद्धा कुंतीला स्वतः तोंडाने सांगितलं होतं. तुझ्या नवऱ्याला त्याहून अवघड काही मी सांगत नाहीये.

बोलायचं कसं, तर सासूबाईंसमोर नाही आणि रात्री झोपायच्या वेळी तर मुळीच नाही. दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी दोघंच बाहेर पडा. प्रीतिसंगमावर बसा, कुठेही. कागद मध्ये ठेव आणि म्हण, 'हा मला सापडला. तारीखही मी वाचली.' मग थांब. तो चिडेल, उठेल, कदाचित रडेल. शून्याबद्दल त्याला एक शब्द लावू नकोस, ती त्याची चूक नव्हे. तीन महिन्यांबद्दल मात्र विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत विचार. तो म्हणेल, 'मला धीर झाला नाही.' हे खरंही असेल. तुला ते पुरेल की नाही हे तुझं तू ठरव, त्याच दिवशी ठरवायला हवं असंही नाही.

एक अट मात्र घाल. घरी त्याने आईला सांगायचं की हिच्यात दोष नाही, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, आता हा विषय काढायचा नाही. स्वतःचं काय आहे ते त्याने नाही सांगितलं तरी चालेल, ती झाकली मूठ त्याची त्याला राहू दे. पण तुझ्यावरचा टोमणा त्याच्या तोंडाने थांबला पाहिजे.

पुण्याची तारीख फोन करून पुढे ढकल. तुझं वय ३२ आहे, दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. जाल तेव्हा भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र बघ, संमतीचा फॉर्म मराठीत माग, आणि त्याच्यासमोर डॉक्टरांना सरळ विचार, 'वीर्य कुणाचं वापरणार आहात?' कुणी घाई केली तर पर्स उचल आणि घरी ये.

आणि तो रिपोर्ट कपाटात परत ठेवला असशील तर आजच काढून घे. फोटोही काढून ठेव.

– मावशी