हिमोग्लोबिन १२.४ आहे, मग फेरिटिन ९ कसं?

प्रश्न: डॉक्टर, मी ३४ वर्षांची आहे. दोन मजले चढले तरी धाप लागते, केस गळतायत, पाळीत अंगावरून जरा जास्तच जातं. हिमोग्लोबिन १२.४ आलं म्हणून घरचे म्हणतात तुला काही झालेलं नाही. पण फॅमिली डॉक्टरांनी फेरिटिन करायला लावलं, ते ९ आलं आणि सिरम आयर्न मात्र रेंजमध्ये आहे. यातला कुठला रिपोर्ट खरा धरायचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर: तिन्ही खरे आहेत ताई, पण तिन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. लोह कमी पडायला लागलं की शरीर आधी साठ्यातलं काढतं, म्हणजे लिव्हर आणि बोनमॅरोमधलं, आणि ते संपेपर्यंत हिमोग्लोबिनला धक्का लागू देत नाही. म्हणून बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली जातं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. साठा कळतो फेरिटिनवरून, म्हणजे लोह साठवून ठेवणाऱ्या प्रथिनावरून. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने मोठ्या माणसात ते १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेलं की कमतरता, मग लॅबने रेंज १० पासून छापलेली असली तरी.

पूर्वी साठा बघायला हाडात सुई घालून मॅरो काढायचे आणि त्यात लोहाचे निळे डाग शोधायचे, आता त्याची गरज क्वचितच पडते. साठा संपल्यावर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह चढलंय त्याचं प्रमाण) घसरतं, पेशी लोह ओढायला जास्त रिसेप्टर (ते प्रथिन पकडणारे हातच म्हणा) काढतात आणि त्यांचे तुकडे रक्तात सापडतात, ती सोल्युबल ट्रान्सफेरिन रिसेप्टरची टेस्ट, पण सगळीकडे होत नाही आणि तुम्हाला लागणारही नाही.

सिरम आयर्न, म्हणजे त्या वेळी रक्तात फिरत असलेलं लोह, एकटं बघून काही ठरवू नका, ते दिवसभरात वरखाली होतं, आदल्या दिवशीच्या लोहाच्या गोळीनेही चढतं.

फेरिटिनची एक खोड आहे, ताप, इन्फेक्शन, सांध्यांची सूज असं काही असलं की ते उगाच वर जातं आणि कमतरता झाकली जाते. म्हणून सोबत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) करतात, आणि सूज असेल तर १५ ऐवजी ७० ची मर्यादा धरतात. पण उलटं सहसा होत नाही, म्हणजे तुमचं ९ हे खरंच कमी आहे, घरच्यांना खुशाल दाखवा.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, चहासोबत घेऊ नका. आणि जास्त जाण्याचं कारण स्त्रीरोगतज्ज्ञांकडून शोधून घ्या, नाहीतर भरलेलं परत रिकामं होणार. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका, साधारण तीन महिन्यांनी फेरिटिन परत करा.