‘नाही’ तू रोज म्हणतेस, फक्त चित्राला

प्रिय मावशी,

मी चित्रकार आहे. भिंती रंगवते, पण एकटी नाही. आसपासची मुलं, आज्या, ज्याला ब्रश हातात धरावासा वाटेल तो, सगळे सोबत असतात. माझ्या बहुतेक भिंतींवर मांजरं असतात. दहा वर्षांपूर्वी एक जखमी बोका घरी आणला, तेव्हापासून चित्रं आणि मांजरं वेगळी राहिलीच नाहीत. आता घरात अकरा आहेत, त्यातली पाच फॉस्टरची, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला घेतलेली. लोक पिल्लांचं खोकं दारात ठेवून जातात. रेस्क्यूवाल्यांना पोस्टर हवं असतं, लिलावाला चित्र हवं असतं, कुणाचं मांजर गेलं की त्याचं पोर्ट्रेट हवं असतं. सगळं फुकट, कारण ‘कामच पुण्याचं आहे’. मला नाही म्हणता येत नाही. तीन महिन्यांपूर्वी काजळ नावाचं काळं पिल्लू पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजारानं गेलं. त्यानंतर मी काहीच काढलेलं नाही. घरचे म्हणतात, मांजरं तरी धर नाहीतर चित्रं तरी. त्यांचं बरोबर आहे का? काजळच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवते आहे, त्याच्यासाठी काय काय केलं ते कळावं म्हणून.

ता. क. काजळचं चित्र काढायला बसले की नुसता काळा गोळा होतो.

– दमलेली मांजरवाली

अगं दमलेल्या मांजरवाले,

मांजर ही वाघाची मावशी आणि मी या सदराची, तेव्हा दोघींच्या वतीनं बोलते.

आधी ते पान. तू ते पुराव्यासारखं पाठवलंस, जणू मी तुझी उलटतपासणीच घेणार होते. काजळची रोजची वजनं वाचली, ग्रॅममधली. 540, 552, 566, मग 560, मग 518. खाली ‘पहाटे 4, पुन्हा उलटी’. तू कुठेही कमी पडलेली नाहीस. या आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशीच झपाट्यानं संपतात. लस न झालेलं एवढंसं पिल्लू लढणार तरी कशाच्या बळावर? चांगले उपचार मिळूनही कितीतरी पिल्लं जातात.

पण त्या पानावर मला आणखी एक दिसलं. 552 च्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं काढलेला कान. 566 पाशी वजनकाट्याच्या भांड्याबाहेर लोंबणारी शेपटी आणि पाठीचा बाक, चार रेघांत. 518 पाशी काही नाही. सेवाशुश्रूषेचा हिशेब म्हणून तू ते पान धाडलंस आणि समासातली चित्रं तुला दिसलीसुद्धा नाहीत. दुखणं कुठे आहे ते मला पत्रापेक्षा तिथे जास्त कळलं.

तू म्हणतेस, नाही म्हणता येत नाही. चांगलं येतं की! रोज म्हणतेस. खोक्याला हो, पोस्टरला हो, लिलावाला हो, आणि त्या प्रत्येक होकारामागे एक नकार असतो, तो चित्राला. चित्र बिचारं दारात म्याव करत नाही. ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ असा फोन करत नाही. म्हणून त्याला नाही म्हणणं सगळ्यात सोपं. आणि राग मानू नकोस, पण ‘दमलेली’ ही सही तू थोडीशी मिरवतेस. मीही मिरवायचे. एका संस्थेसाठी सहा वर्षं फुकट लिहिलं, रात्री जागून. सातव्या वर्षी जमणार नाही म्हटलं, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या बाईंकडून पैसे देऊन लिहून घेतलं. माझ्यावाचून त्यांचं काहीच अडलं नाही याचंच मला जास्त लागलं.

घरच्यांचा प्रश्न मला चुकीचा वाटतो, तरी त्यांच्यावर चिडू नकोस. अकरा मांजरांच्या घरात राहणाऱ्याला एवढा वैताग करायचा हक्क आहे. पण मांजरं की चित्रं असा निवाडा करायला बसू नकोस. तुझी खरी चूक अशी, की सगळी पिल्लं पाजून, त्यांचे शी-शूचे ट्रे साफ करून, औषधं देऊन वेळ उरला तर बक्षीस म्हणून चित्र, असं तू धरून चालली आहेस. ती वेळ कधी येत नाही, येणारही नाही. ट्रे तेवढ्यात परत भरतो.

थोडं गणित करू. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. साधारण 63 ते 65 दिवसांत विते, आणि पिल्लं पिती असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तुझ्या घरात पाच फॉस्टर मावतात, फार तर सहा. आता दुसरीकडून बघ. नसबंदी करून सोडलेल्या मांजरीच्या एका कानाचं टोक भुलीत असतानाच सरळ कापतात, लांबून ओळखू यावं म्हणून. बहुतेकांना वाटतं, मारामारीत गेला असेल. तू त्या भागातल्याच मांजरी भिंतीवर काढ, कोणती कोण ते ओळखू येईल अशा, आणि तो कापलेला कान मुलांच्या हातून रंगवून घे. ज्या पोरीनं तो कान रंगवला ती घरी जाऊन चार जणांना सांगणार. पुढे कधीतरी एखादा शेजारी म्हणेल, अरे, या पांढरीचा कान तर अख्खा आहे. ती पांढरी वेळेत नसबंदीला गेली की तिच्या पिल्लांचं खोकं तुझ्या दारात येतच नाही. न आलेलं खोकं कुणी मोजत नाही, म्हणून तुझं हे काम कुणाच्या खिजगणतीत नाही, तुझ्याही नाही. खोकं उचलायला दुसरं कुणी मिळेल गं. ती भिंत दुसरं कोण काढणार?

आता फुकटाचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण लिलाव भरवणाऱ्यांसाठीच असावी. पोस्टर छापणारा पैसे घेतो, हॉलवाला घेतो, मांजरं पकडायचे ट्रॅप विकणारा घेतो. पुण्य फक्त चित्रकाराच्या वाट्याला. लुई वेन हे नाव तुला ठाऊक असेल. 1860 साली जन्मलेला लंडनचा चित्रकार. बायको कर्करोगानं अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला हसवायला त्यानं घरातल्या पीटर नावाच्या काळ्या-पांढऱ्या मांजराची चित्रं काढायला सुरुवात केली. ती 1887 मध्ये गेली. त्याच्या मांजरांनी मात्र पोस्टकार्डं, मासिकं, मुलांची पुस्तकं व्यापून टाकली. प्राण्यांसाठीच्या संस्थांतही तो मनापासून राबला. पण चित्र विकताना तो हक्कही देऊन टाकायचा. तेच चित्र पुन्हा पुन्हा छापलं जायचं आणि त्याच्या हाती काही पडायचं नाही, तेही आई आणि पाच बहिणींचा भार खांद्यावर असताना. 1924 मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाला तो थेट गरिबांच्या वॉर्डात. पुढच्या वर्षी कुणीतरी त्याला तिथे ओळखलं. मग एच. जी. वेल्ससारख्यांनी आवाहन केलं, पंतप्रधानांनी लक्ष घातलं, आणि त्याला बऱ्या ठिकाणी हलवलं. म्हणजे अख्ख्या देशाला मांजरांवर प्रेम करायला लावणाऱ्या माणसासाठी वर्गणी काढावी लागली. तुला भीती घालायला हे सांगत नाही. (थोडी घालायला सांगते.)

तेव्हा यापुढे मूळ चित्र लिलावाला दिलंस तरी छापायचा हक्क तुझ्याकडेच, असं दोन ओळी का होईना, कागदावर. लिलावात आलेल्या रकमेतला हिस्सा आधी ठरवून घे. वर्षात एक चित्र फुकट, ते कुणाला द्यायचं ते तू ठरवायचं, मागणाऱ्यानं नाही. गेलेल्या मांजराच्या पोर्ट्रेटचे पैसे मात्र घेच, तिथे संकोच नको. फुकट मागणारा फोनवरचा एक धूसर फोटो पाठवतो आणि आठवड्यानं विसरतो. पैसे मोजणारा बसून सांगतो, की ती उजव्या कुशीवरच झोपायची आणि तिच्या नाकावर तीळ होता. अशा माणसासाठी काढलेलं चित्र चांगलं उतरतं.

खोक्याचं काय, म्हणशील. काजळ ज्या खोलीत होता तिथे तो विषाणू वर्षभरही टिकू शकतो. साध्या फिनाइलनं तो मरत नाही, ब्लीच लागतं. लस न झालेलं पिल्लू तूर्त घरात घेणं म्हणजे त्याच्याच जिवाशी खेळ, आणि तुझे व्हेट तुला हेच सांगतील. नकाराचं पक्कं कारण हातात आहे, वापर ते. पण हे कारण कायमचं नाही, तेवढ्या अवधीत स्वतःचा आकडा ठरव. मला विचारशील तर फॉस्टर दोन. अडीचही नाहीत. आणि दारावर एक चित्र लाव, असा नकार तुला बोलून दाखवण्यापेक्षा सोपा जाईल. झुडपाखाली पिल्लं, लांब उभा असलेला माणूस, आणि कोपऱ्यातून परत येणारी आई. ‘आधी आईची वाट बघा.’ बरीच ‘अनाथ’ पिल्लं अनाथ नसतातच, आई भक्ष्य शोधायला गेलेली असते आणि आपण दयाळू माणसं तेवढ्यात ती उचलून आणतो.

एका वाक्यावर मात्र मी अडखळले. तू पत्रात पुढे लिहिलं आहेस (ते वर छापलेलं नाही), की ओले कॅनव्हास आणि लिटर ट्रे एकाच खोलीत आहेत. हे आजच्या आज बदल. मांजर पंजाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेतं, मग तो टर्पेंटाइन असो की कॅडमियमचा रंग. चित्रांच्या खोलीला दार हवं, आणि ते लागलेलं हवं. तुझ्यासाठी म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, मांजरांसाठी म्हटलं की ऐकशील, हे मला माहीत आहे. दाराबाहेर कुणी कितीही ओरडो, रोज दोन तास. कुनियोशी हा जपानी चित्रकार म्हणे किमोनोच्या आत पिल्लू ठेवून चित्रं काढायचा. त्याची गोष्ट वेगळी.

आता ता. क. काळा गोळा होतो कारण तू ट्यूबमधला काळा वापरतेस. तो बाजूला ठेव. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळ, कधी निळा जास्त, कधी तपकिरी. काळ्या पिल्लाच्या पाठीवर खिडकीतला उजेड निळसर पडतो आणि उन्हात त्याच्या पोटाकडचे केस तांबूस दिसतात, हे मी तुला काय सांगू. मोठ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नकोस. समासातला तो कान घे, तेवढाच, तेवढ्याच आकाराचा, आणि 566 पासून पुढे जा.

आणि हो, पिल्लांचे डोळे सहा-सात आठवड्यांपर्यंत निळे असतात, मग रंग बदलायला लागतो. काजळचे बदलले होते का? वहीत कुठेतरी लिहिलं असशील, बघ.

– मावशी