ट्रॅक मोजत बसू नकोस, ठरवायला शीक

अगं,

तुझा तक्ता बघितला. घरी गाणी रेकॉर्ड करायची पाच मशीन, प्रत्येकापुढे ट्रॅक (म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड करून नंतर एकत्र वाजवायचे आवाजाचे पदर), इफेक्ट्स, ड्रम पॅटर्न, बॅटरी, आणि सगळ्यात खाली तुझा प्रश्न, "आठ पुरतील ना, की चोवीसवालं घेऊ, नंतर पस्तावायला नको." वाचून जीव कळवळला, कारण हे कुठे जातं ते मला माहितीय. मशीनचा विचार करता करता महिने जातात आणि डोक्यातली चाल विरून जाते.

तर आधी सरळ उत्तर. आठ पुरतात. खरं म्हणजे चारही पुरतात. तू एकटी गातेस, एकटी वाजवतेस, म्हणजे एका वेळी आत जाणार काय तर आवाज आणि गिटार, दोनच गोष्टी. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा एकूण ट्रॅकचा असतो, एका वेळी किती रेकॉर्ड होतात तो आकडा आत कुठेतरी बारीक अक्षरात असतो, आणि तो वाढला की किंमतही चढते. टॅस्कॅमचं डीपी-००८ईएक्स आठ ट्रॅकचं, पण एका वेळी दोनच घेतं. झूम कंपनीचं आर८ पण तसंच. झूम आर२४ एका वेळी आठ घेतं, ते अख्खा बँड एका खोलीत बसवून ड्रमसेटला वेगवेगळे माइक लावणाऱ्यांसाठी. तुझ्याकडे ड्रमर आहे का? नाही ना? मग ती ओळ तक्त्यातून काढ आणि परत तिच्याकडे बघू नकोस.

आता मला खरं सांगायचंय ते. ठरवायला शीक. रेकॉर्ड करतानाच ठरव. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला मोठ्या खोलीसारखी घुमारी, हवा की नको, दुसरा आवाज वरचा की खालचा, कुठला टेक, म्हणजे कितव्यांदा गायलेलं, ठेवायचा, हे त्याच बैठकीत ठरव आणि पुढे जा. ट्रॅक कमी असले की हे आपोआप होतं. तीन ट्रॅक भरले, ते मिक्स करून चौथ्यावर उतरवले, म्हणजे बाउन्स केले, की पहिले तीन पुन्हा मोकळे. पण एकदा पुसले की "गिटार जरा कमी करूया" हे विसरायचं. गिटार आता तिथेच राहणार. म्हणून उतरवायच्या आधी तू नीट ऐकतेस, खरोखर ऐकतेस, आणि तो कान दुसऱ्या कशाने तयार होत नाही. १९६७ साली लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतही चार ट्रॅकच्या मशीनवरच काम चालायचं, ट्रॅक संपले की तेही सगळं मिक्स करून दुसऱ्या मशीनवर उतरवायचे. १९७९ मध्ये टीअ‍ॅक या जपानी कंपनीने टॅस्कॅम नावाखाली पोर्टास्टुडिओ काढला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, आणि हे सगळं घरात आलं.

मी तसल्याच एका मशीनवर शिकलो. त्यात कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे ट्रॅक एकाच दिशेने वापरले जायचे, तेही दुप्पट वेगाने. म्हणजे ती कॅसेट साध्या डेकवर लावली तर दोन ट्रॅक घोगरे, रेंगाळत येतात आणि बाजू पलटली की उरलेले दोन उलटे वाजतात. माझा एक मित्र दुसरा आवाज गायचा. तो आता नाही. मशीनचा बेल्ट गेला, दुरुस्त करणारा मिळाला नाही. ज्या गाण्यांचं आम्ही त्याच संध्याकाळी मिक्स करून साध्या कॅसेटवर उतरवलं ती गाणी आहेत, आजही ऐकतो. जी "पुढच्या वेळी तो आला की करू" म्हणून ठेवली होती ती त्या कॅसेटमध्ये अडकून पडलीयत. आता कळलं का मी एवढा ठरव ठरव का करतोय?

लोक मला म्हणतात लॅपटॉपवर हवे तेवढे ट्रॅक मिळतात, हा काय हट्ट. मिळतात की, मी कुठे नाही म्हणतो. पण तिथे काहीच कायमचं ठरत नाही, अनडू आहे, बारा टेक आहेत, स्क्रीनवरच्या लाटा बघत बसायचं आणि कान बाजूला. माझी गाणी कच्ची वाटतात असंही ऐकलंय मी. वाटू देत, पूर्ण झालेली आहेत ना. लॅपटॉप शेवटच्या मिक्सला वापर, खुशाल वापर, त्यासाठी मशीनमधून प्रत्येक ट्रॅकची वेव फाइल बाहेर निघते का एवढं बघ. जागेची काळजी नको, सीडीच्या दर्जाला, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिटला, एक मोनो ट्रॅक मिनिटाला ५ एमबीच्या जरा वर जातो, ३२ जीबी कार्डावर असे सुमारे १०० तास बसतात.

तू फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला मुखडा ऐकला. मागे पंखा आहे, पण दुसऱ्या ओळीत तू सम सोडून अर्धी मात्रा उशिरा येतेस ना, ती जागा सोन्याची आहे, स्वच्छ रेकॉर्ड करायच्या नादात ती सरळ करू नकोस. पंखा बंद कर, माइकपासून वीतभर लांब गा, आवाज चढला तरी मीटर उणे १२ डीबीच्या आसपास राहील असं ठेव, शून्याला टेकला की फाटला, तो परत शिवता येत नाही. झूम आर४ मध्ये ३२ बिट फ्लोट आहे, म्हणजे खूप मोठा-बारीक आवाजही न फाटता साठवायची पद्धत, तिथे ही लेव्हलची भीती बरीच कमी होते, आणि ट्रॅक चारच, वर बाउन्ससाठी वेगळी जागा. मला विचारशील तर तेच. साधा डायनॅमिक माइक चालेल, कंडेन्सर माइक घेतलास तर त्याला वीज लागते, ती ४८ व्होल्ट फँटम मशीन देतं का बघ. हेडफोन मात्र बंद कपांचा घे, नाहीतर ताल धरायला कानात वाजणारी क्लिक गळून माइकमध्ये जाते आणि हळू गाण्यात ती ऐकू येतेच येते.

सेकंडहँड घ्यायचं असेल तर कार्ड कुठलं लागतं ते आधी विचार. जुन्या काही मशीनना स्मार्टमीडिया कार्ड किंवा झिप डिस्क लागायची, ती आता नवीन बनत नाहीत. प्रत्येक फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, हळूहळू वर-खाली करून हेडफोनवर खरखर येते का ऐक, आणि विकणाऱ्याला दोन्ही इनपुटवर एकदम रेकॉर्ड करून दाखवायला सांग, नुसती लाइट लागते हे बघून पैसे देऊ नकोस.