चिंतेच्या आणि झोपेच्या गोळ्या मेंदूत नेमकं काय करतात? आईला दिवसभर गुंगी असते, गोळी बंद करावी का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते: स्वतःहून एकदम बंद करू नका. का, ते पुढे लिहिलं आहे.

तुम्ही लिहिलंय की ६८ वर्षांच्या आईंना काही महिन्यांपासून रात्री क्लोनाझेपाम चालू आहे, झोप लागते, पण दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड असते आणि परवा उठताना त्यांचा तोल गेला. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस किती करावा हे मी सांगणार नाही. पण तुम्हाला जे दिसतंय त्याचा उलगडा करता येईल.

मेंदूतल्या पेशींना आवर घालण्याचं काम मुख्यतः गाबा नावाचं रसायन करतं. गाबा पेशीवरच्या आपल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला ओळखून प्रतिसाद देणाऱ्या जागेला, चिकटला की तिथला मार्ग उघडतो, क्लोराइडचे आयन (विद्युतभारित कण) आत शिरतात आणि ती पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाही. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन या एकाच कुळातली औषधं. ती तो मार्ग स्वतः उघडत नाहीत. त्याच रिसेप्टरवर वेगळ्या जागी बसून गाबाचा जोर वाढवतात, म्हणजे मार्ग जास्त वेळा उघडतो. त्याआधीची बार्बिट्युरेट औषधं मात्रा वाढली की गाबाची वाटही पाहत नसत, थेट मार्ग उघडत, आणि श्वास बंद पडायचा. १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम (म्हणजेच डायझेपाम) ही बेन्झोडायझेपिन आल्यावर ती झपाट्याने मागे पडली ती यामुळेच. नुसतं बेन्झोडायझेपिन जास्त झालं तर जिवावर बेतण्याची शक्यता त्या मानाने कमी असते. मात्र सोबत दारू असेल, किंवा ट्रॅमाडॉल, कोडीनसारखी ओपिऑइड (अफूसारखं काम करणारी) औषधं असतील, तर श्वास मंदावू शकतो.

आता मुद्द्याचं. गाबाचे रिसेप्टर फक्त भीती जिथून उठते त्या भागात नसतात. ते आठवणी साठवणाऱ्या भागात असतात, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत असतात, सगळीकडेच असतात, आणि गोळी रक्तातून सगळीकडे पोचते. म्हणजे गुंगी, विसराळूपणा, पाय लटपटणं ही गोळीची काही वेगळी खोड नव्हे. चिंता शमवणारं जे काम, तेच इतर ठिकाणी चालू असतं. याच कुळातलं मिडाझोलाम छोट्या शस्त्रक्रियेआधी देतात, कारण रुग्ण शांत तर होतोच, शिवाय तो सगळा प्रसंग त्याला फारसा आठवत नाही. तिथे जो फायदा, तोच घरी गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत ‘आई हल्ली एकच गोष्ट चारदा विचारते’ अशी तक्रार होऊन येतो. क्वचित कुणी शांत होण्याऐवजी चिडचिडं, बेचैन होतं. वयस्कर माणसांत आणि मुलांत हे जास्त.

दुपारपर्यंतची झापड का? क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे कालची अर्ध्याहून जास्त गोळी अंगात असतानाच आजची पोटात जाते, आणि पहिल्या काही दिवसांत साठा वाढत जातो. डायझेपामचं तर त्याहून लांबतं, कारण त्याच्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्यही असर करत राहतं. वय झालं की औषध बाहेर पडायला वेळ लागतो आणि मेंदूही त्याला जास्त संवेदनशील होतो, त्यामुळे तरुणपणी सोसणारी मात्रा सत्तरीजवळ जड होते. मला त्यांच्या झोपाळूपणापेक्षा तोल जाण्याची काळजी जास्त वाटते. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना हे आधीच कळवा.

कुणी सुचवेल की झोल्पिडेम द्या, ते लवकर उतरतं. उतरतं खरं, पण तेही गाबाच्याच रिसेप्टरवर काम करतं आणि तोल त्यानेही जातो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१३ मध्ये स्त्रियांसाठी त्याची सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली, कारण सकाळीही रक्तात बरंच औषध शिल्लक सापडत होतं. झोपेत उठून चालणं, अगदी गाडी चालवणं, अशा प्रकारांमुळे २०१९ मध्ये त्यावर ठळक इशाराही आला.

आता बंद का करायची नाही ते. रोज बाहेरून आवर मिळत राहिला की मेंदू जुळवून घेतो: रिसेप्टर पहिल्यासारखा प्रतिसाद देत नाहीत आणि उत्तेजना देणारी बाजू जोर धरते. अशात गोळी अचानक काढली तर ती बाजू मोकाट सुटते. झोप उडते, घाम येतो, हात थरथरतात, धडधड होते, काहींना फिट येते. अल्प्राझोलामसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळीत हे लवकर आणि तीव्रतेने होतं. घरच्यांना वाटतं जुना आजार उलटला, आणि गोळी पुन्हा सुरू होते. काउंटरवर मी हे नेहमी बघते. यात रुग्णाची मनाची कमजोरी वगैरे काही नसते, सांगितल्याप्रमाणे रोज घेणाऱ्यालाही हे होतं. म्हणून डॉक्टर मात्रा थोडी थोडी कमी करत नेतात, त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

चिंतेवर दीर्घकाळ घ्यायची औषधं बहुधा वेगळी असतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांचा असर दिसायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मळमळ, कधी उलट अस्वस्थता वाढते. बस्पिरोनलाही वेळ लागतो, पण त्याची सवय लागत नाही. प्रोप्रानोलॉल धडधड आणि कंप थांबवतं, विचार नाही. दमा असेल तर ते टाळतात. माझं मत विचाराल तर बेन्झोडायझेपिन वाईट औषध नाही, थोड्या दिवसांसाठी ते उत्तमच आहे. घोटाळा होतो तो चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवत महिनोन्‌महिने चालू ठेवल्यावर.

डॉक्टरांकडे जाताना आईंची सगळी औषधं पिशवीत घालून न्या, सर्दीची आणि खोकल्याचीसुद्धा, कारण त्यांतल्या बऱ्याच औषधांनी गुंगी वाढते. त्या मोठ्याने घोरत असतील, झोपेत मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही सांगा. तोवर रात्री खोलीत मंद दिवा ठेवा, आणि उठताना आधी काठावर जरा वेळ बसायला सांगा. हाका मारून, हलवूनही त्या जाग्या होत नसतील किंवा श्वास फार सावकाश चालला असेल, तर थेट रुग्णालय गाठा.